आटनी नही, दपनी शे

परवा नदीच्या वाळूत फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या दिसल्या. कबड्डीचं मैदान आखतात तशा, या काठापासून त्या काठापर्यंत चौकोनच चौकोन. मी चप्पल काढली आणि पहिली रेघ पायाने पुसून टाकली. मग इकडेतिकडे बघितलं. एक टिटवी सोडून कुणी नव्हतं. ती माझ्यावर ओरडली. मी तिच्याच आवाजात तिच्यावर ओरडले. ती बिचारी गोंधळून गप्प बसली. एवढं जमतं मला.

नकला हा माझा धंदाच आहे. शहाद्यात कांदे-बटाट्याच्या गाड्यांवर जो भोंगा ओरडत फिरतो ना, "या ताई, या माई, लाल कांदा आला", त्यातल्या बऱ्याच गाड्यांवरचा आवाज माझा. पुरुषाचा पाहिजे तर पुरुषाचा, म्हातारीचा पाहिजे तर म्हातारीचा. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा भोंगासुद्धा काढून दाखवते, पण त्याला गिऱ्हाईक नाही. गावात मला नावाने कुणी हाक मारत नाही. "काय वं भोंगा, आज कोनी नक्कल?" असंच विचारतात.

तर फक्कीच्या रेघा दिसल्या म्हणजे ऋतू आला. बाकीच्या जगात ऋतू मोहराने, कोकिळेने वगैरे येत असतील. आमच्याकडे होळी होते, सातपुड्यातले ढोल शांत होतात, ऊसतोडीच्या गाड्या रिकाम्या परतायला लागतात, आणि एका सकाळी नदी जागेवर नसते. काल होती. पातळ होती, घोट्याएवढी होती, पण होती. आज तिच्या जागी ओली वाळू, आणि वाळूवर बगळ्यांच्या पायांचे ठसे, जणू तेही तिलाच शोधून गेलेत.

आमचं गाव म्हसावदच्या पुढे, सातपुडा जिथे दमून खाली बसतो आणि पाय पसरतो तिथे. आधी डोंगर, मग दगडगोटे, मग वाळू, मग केळी आणि ऊस, आणि शेवटी पार तिकडे तापी. नदी या सगळ्यातून जाते. सरकारी नकाशात तिला नाव नाही, नुसतं 'नाला' लिहिलंय. आम्ही तिला नुसतं 'नदी' म्हणतो. दुसरी असती तर नाव ठेवायची गरज पडली असती.

शाळेच्या पुस्तकात अशा वेळेला एक शब्द असतो. नदी 'आटली'. आमच्या गावात तो शब्द नदीला कुणी लावत नाही. दूध आटतं, बासुंदी आटते. नदी दपते. दपनं म्हणजे लपणं. लपाछपीत पोरं कडब्यामागे दपतात, मांजर पिलं दपाडून ठेवते, तशी होळीनंतर आमची नदी वाळूखाली दपते. "नदी कोठे गई?" "दपनी." संपला विषय. त्यात रडणं नाही, हाय-हाय नाही. उलट थोडा रागच असतो, लपाछपीत फार वेळ न सापडणाऱ्या पोरीचा येतो तसा. कुठे बसलीये ही? निघ ना बाहेर!

कॉलेजात माझ्याबरोबर रायली नावाची पावरा समाजाची मुलगी होती, वर डोंगरातल्या गावची. ती सांगायची, त्यांच्याकडे भर चैत्रात नदी खडकावरून वाहते, पोरं डोहात उड्या मारतात. मला खरं वाटेना. एकच नदी, वर वाहते आणि खाली गायब? रायली म्हणाली, "आमच्याकडे ती मोकळी फिरते. तुमच्या गावात आली की डोक्यावर पदर घेते. सासर आहे ना तिचं." मी म्हटलं, "आमच्या गावाला नावं ठेवते का?" ती म्हणाली, "तुमच्या नाही, तुमच्या वाळूला." आणि तिचं बरोबर होतं. डोंगर संपतो तिथल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात नदीचं पाणी खाली जिरतं, आणि मग ते वाळूच्या आतून चालत राहतं. वरून बघणाऱ्याला कोरडं पात्र दिसतं. आतून मात्र बाई चालल्याच आहेत.

लहानपणी मला नदी म्हणजे दिवाळीनंतरची नदी आवडायची. पावसाळ्यातली नको. ती लाल, रागीट, झाडं-बिडं घेऊन जाणारी, तिची नक्कल पण जमत नाही, नुसता घसा बसतो. दिवाळीनंतर मात्र ती काचेसारखी व्हायची. पाऊस जाऊन महिने झालेले, आभाळ कोरडं ठणठणीत, तरी ही वाहतेय. पाणी येतं कुठून? थंडीतल्या सकाळी आम्ही पोरी काठाच्या अगदी कडेला पाय रोवायचो. मधलं पाणी बर्फासारखं. पण काठाखालून, पायाच्या बोटांजवळून एक कोमट धार यायची, हळूच, कुणी पायावर फुंकर घालावी तशी. त्या जागेवरून भांडणं व्हायची. "मन्हा चुल्हा शे हाऊ, सरक!" आम्ही त्याला चूल म्हणायचो. ते विहिरींच्या बाजूचं पाणी होतं, जमिनीच्या पोटातलं, हिवाळ्यात कोमट राहणारं. ते काठातून पाझरून नदीत येत होतं. हे मला खूप नंतर कळलं. पण पायांना तेव्हाच कळलेलं.

म्हणजे बघा, आमच्याकडे नदी आणि विहीर या जावा-जावा. शेजारी राहतात आणि पिठाची वाटी इकडून तिकडे फिरते. पावसाळ्यात नदीचं घर भरलेलं, ती काठाच्या आतून विहिरींना देते. दिवाळीनंतर विहिरींचं भरलेलं, त्या नदीला परत देतात. तोंडाने कुणी काही बोलत नाही. वाटी मात्र रिकामी परत जात नाही. पुस्तकातल्या चित्रात ही वाटी कुठेच नव्हती. तिथे नदी म्हणजे निळी रेघ, डोंगरातून निघाली, समुद्राला गेली, सुट्टी. त्या रेघेच्या खाली काय, बाजूला काय, तर पांढरा कागद.

मग बोअर आले. ते मशीन पहिल्यांदा गावात शिरलं तेव्हा आम्ही पोरं त्याच्यामागे वरातीसारखी नाचत गेलो होतो. धडधड-धडधड, पांढरी धूळ, मग एकदम काळं पाणी उंच उडालं आणि बायकांनी मशीनला हळद-कुंकू लावलं. त्या मशीनची नक्कल माझी सगळ्यात गाजलेली. लग्नात फर्माईश यायची. आमच्या आप्पांनीही काठावर बोअर घेतला. केळी लावली. त्या केळीवर मी शिकले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही फार नदीवाली झाली.

बोअरमुळे एवढंच झालं की एका जावेने वाटी घेतली, आणि परत देणं बंद झालं. घेतच राहिली. दिवाळीनंतरची कोमट चूल आधी बारीक झाली, मग एका हिवाळ्यात पाय रोवला तर नुसता गार चिखल. नदी होळीनंतर दपायची ती एखाद्या वर्षी तर संक्रांतीलाच दपायला लागली.

आता तो उन्हाळा सांगते. चारेक वर्षं झाली असतील. त्या वर्षीही अशाच फक्कीच्या रेघा होत्या.

त्या रेघांच्या बरोबर मधोमध माझ्या फुईची डांगरवाडी होती. फुई म्हणजे आप्पांची मोठी बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली, आणि आल्या वर्षापासून नदीच्या वाळूत डांगर लावते. डांगर म्हणजे खरबूज. तुमच्याकडे डांगर म्हणजे भोपळा असेल तर तुमचं तुम्ही बघा. थंडीत ती वाळूत चर काढते, शेणखत घालते, बी टोचते. नदी दपली की बाजूला झिरा खणते. झिरा म्हणजे वाळूतला कमरेएवढा खड्डा, ज्यात खालून हळूहळू पाणी साठतं. त्यातून हंड्याने काढायचं आणि वेलाच्या बुडाला घालायचं. फुई स्वभावाने म्हणाल तर दिवाळीचा लवंगी फटाका. स्वतःच्या मालाबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही. एखादं डांगर पाणचट निघालं आणि मी तोंड वाकडं केलं, तर म्हणणार, "डांगर गोडच शे, तुन्ही जीभच फिक्की शे." तिची डांगरवाडी म्हणजे तिचं राज्य. माहेरी राहूनही ती कुणाच्या ताटाखालची मांजर नव्हती, ती या वाळूमुळे.

आणि त्या वाळूवर आता काँक्रीट येणार होतं. आमच्या सरपंच वहिनी, पण सरपंचकी करायचे त्यांचे यजमान. सगळे त्यांना सरपंचभाऊच म्हणायचे. त्यांनी शहरात कुठेतरी नदीकाठ बघितला होता, दिवे, बाकडी, कारंजं, सेल्फीची जागा. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात कारंजं उडत होतं. दोन्ही काठांना भिंत, नदीच्या तळाला काँक्रीट, त्याच्यावर आठवड्याचा बाजार भरवायचा. "गावले शहरासारखं करानं शे," ते म्हणायचे, "उन्हायामा तठे काय शे? नुसती रेती!"

पाहणीला एक साहेब आले. कराडकडचे, उंच, घामाघूम, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बघा" म्हणणारे. माणूस वाईट नव्हता. चप्पल हातात घेऊन वाळूतून चालला, म्हणजे बरा माणूस. त्याने डांगरवाडीत वाकलेल्या फुईला विचारलं,

"आजी, ही नदी कधी आटली बघा?"

'आजी' म्हटल्याने फुईचं डोकं आधीच तापलं होतं. ती म्हणाली, "आटनी नही साहेब. दपनी शे."

साहेबांनी टोपी काढली. खरंच काढली. "दफनी?"

"हा, दपनी."

साहेब गंभीर झाले, मान हलवली, आणि पुढे गेले. फुई मला म्हणाली, "हाऊ चांगला शे. लगेच समजना."

मग ग्रामसभा भरली, निंबाखाली. माईक तपासायला मलाच बोलावलेलं, हॅलो-हॅलो मी वेगवेगळ्या आवाजांत करते म्हणून. सरपंचभाऊंनी कारंज्याचं वर्णन केलं, इतकं की पुढच्या रांगेतली पोरं भिजल्यासारखी वाटायला लागली. मग साहेब उठले.

"ग्रामस्थहो," साहेब म्हणाले, "मी काल नदीवर जाऊन आलो बघा. वाईट वाटलं. तुमच्यातल्याच एका ज्येष्ठ भगिनीने मला सांगितलं की ही नदी दफन झालेली आहे. तेव्हा आता तिच्या स्मृतीला शोभेल असं काम तिथं व्हावं, एवढंच आपल्या हातात आहे बघा."

एक क्षण कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा निंब हसला. फुई मात्र उठून उभी.

"मन्ही नदीले जितीच गाडी ऱ्हायना का रे तू? मी कवय दफन सांगं? दपनी सांगं मी, दपनी! कान शेत का वांगा?"

मला राहवेना. माईक हातातच होता. मी साहेबांच्याच आवाजात, अगदी त्यांच्या घशातून काढल्यासारखं, म्हटलं, "साहेब, या भगिनीचं म्हणणं असं आहे बघा, नदी लपलेली आहे बघा. मेलेल्यावर माती टाकतात, लपलेल्याला शोधतात बघा."

लोक गडबडा लोळले. साहेबांचे कान लाल झाले. पण तेही हसले, आणि माईकवरच म्हणाले, "माझी चूक झाली. आमच्याकडे हा शब्द नाही." मी अजून त्या माणसाची नक्कल करते ती थोडी सांभाळून करते, ती यामुळे.

सरपंचभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी तंबाखू मळली आणि शांतपणे म्हणाले, "मरेल शे का दपेल शे, आमले काय करनं? दपेल व्हई ते काढी दखाडा. नदीमा पानी निंघनं ते काँक्रीट नही. नही निंघनं ते कोनी आडं येवानं नही."

गावासमोर बोललेला शब्द. फुईने लगेच पदर खोचला.

सगळी सभा उठून नदीत आली. उन्हाने वाळू तापलेली, पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. फुईच्या झिऱ्याचं पाणी त्या वर्षी आधीच खोल गेलं होतं, हे मला माहीत होतं. ती रोज एक-एक वीत खाली खणत होती आणि कुणाला सांगत नव्हती. तिने तिथेच फावडं मारलं. मी वाळू उपसली. कमरेएवढं झालं, छातीएवढं झालं. ओल होती, पण पाणी नाही. फुईने हाताने उकरलं. ओली वाळू मुठीत दाबली. एक थेंब नाही. वरून कुणीतरी म्हणालं, "फुई, आते तापीलेच लागशीन तू!" हशा झाला. मघाशी ज्यांनी आमच्या बाजूने हसून घेतलं, तेच आता खड्ड्याच्या कडेवरून आमच्याकडे बघून हसत होते. हसण्याला बाजू नसते, हे मला नकला करणारीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

लोक पांगले. खड्ड्यात मी आणि फुई, वर साहेब. ते उकिडवे बसले, वाळूतून ओल कुठवर आलीय ते बोटाने बघितलं आणि मला विचारलं, "या काठावर मोटरी किती चालतात?"

मी म्हटलं, "साहेब, कोणाची चालत नाही ते विचारा."

"मग पाणी आहे बघा," ते म्हणाले. "पण ते वर यायच्या ऐवजी मोटरीकडं ओढलं जातंय. पूर्वी काठ नदीला देत होता. आता नदी काठाला देत बसलीय, उन्हाळ्यातसुद्धा. चार दिवस मोटरी बंद ठेवा, मग खणा." जाता जाता थांबले. "आणि तळाला काँक्रीट झालं तर पावसाळ्यातलं आत जाणं पण बंद होणार. मग बोअरलाही काही उरणार नाही. हे मी त्यांना सांगितलंय. ऐकलं नाही."

फुई यातलं अर्धं ऐकत होती. ती खड्ड्यातून काठावर बघत होती. तिथे आमच्याच बोअरचा स्टार्टर होता, पत्र्याच्या पेटीत, लाईट आली की आपोआप मोटर सुरू करणारं ऑटोचं बटण असलेला.

घरी आप्पा जेवत होते. फुई दारातच उभी राहिली. "ऑटो काढी टाक."

आप्पांचा घास हातात. "आक्का, येडी झाई का? हाई ऊन! दोन रोज पानी नही भेटनं ते केयी माना टाकी दी."

"टाकू दे."

"टाकू दे काय? वरीसनं खानं शे ते!"

"आनि ते मन्हं काय शे? खेय शे का?"

आई मधे पडली, मी मधे पडले, आम्हा दोघींना दोघांनी मिळून बाहेर काढलं. आप्पा खालमानेने ताटात बघत राहिले. त्यांचंही चुकत नव्हतं. त्या उन्हात केळीचं पान दुपारी असं मुडपतं की बघवत नाही. मला वाटलं, संपलं. मग फुई एकदम वेगळ्याच आवाजात बोलली, मोठ्या बहिणीच्या.

"धाकलपने बी तू असाच व्हता. तुन्हावर राज्य उनं का डोया उघाडा ठेईसन उभा ऱ्हास, आनि मंग सांगस, कोनी भाईरच येत नही! डोया मीचशी नही, ते दपेल मानूस निंघी कसा?"

आप्पांनी मान वर केली. मग त्यांना हसू आलं, न येऊ देण्याचा प्रयत्न करूनही. ते म्हणाले, "तू कडबामा दपे. मी डोया मीचा तरी मालूम पडे, तुले शिंका येत."

"मंग मीच ना."

आप्पांनी हात धुतला, आणि चप्पल घालून काठाकडे गेले. ऑटो काढला. नुसतं आपलं काढून उपयोग नव्हता, तेही त्यांना माहीत होतं. मग ते आजूबाजूच्या वावरांत गेले. मी पण गेले मागोमाग, कारण काही लोकांना आप्पा समजावू शकत होते, आणि काहींना फक्त मीच, त्यांच्या सासऱ्याच्या आवाजात. काहींनी बंद केल्या, काहींनी आम्हाला हाकललं. एकाने सांगितलं, "नदीकरता? हातभर रेतीकरता?" मी त्याला त्याच्याच आवाजात तेच वाक्य परत ऐकवलं. कसं वाटतं ते ऐक म्हटलं. त्याने थोडा विचार केला, आणि बंद नाही केली. सगळेच ऐकतात असं नसतं.

ते दिवस मला आवाजासाठी आठवतात. म्हणजे आवाज नसल्यासाठी. काठावरच्या मोटरींची एक गुणगुण असते, जमिनीतून पायात येणारी. इतक्या वर्षांत ती आहे हेच आम्ही विसरलो होतो. ती थांबली तर कानात पोकळी झाल्यासारखं वाटलं. टिटवीचा आवाज एकदम जवळ आला. आप्पा केळीत फिरायचे, पानाला हात लावून बघायचे. फुई झिऱ्याच्या कडेला फाटकी गोधडी टाकून बसायची. डांगराच्या वेलांनी माना टाकल्या. ती त्यांना शिव्या द्यायची, "मरू नका रे, मी शे ना आठे!" मी तिचं मन रमवायला सरपंचभाऊंची नक्कल केली, साहेबांची केली, कारंज्याची केली. शेवटी ती म्हणाली, "चूप ऱ्हाय. आयकू दे."

काय ऐकायचं होतं? काही नव्हतं. वाळू होती.

मग एका सकाळी, ऊन यायच्या आधी, मी खड्ड्यात वाकून बघितलं तर तळाला माझं तोंड होतं. तळहाताएवढं पाणी. गढूळही नाही, पांढरं-स्वच्छ. मधूनच वाळूचा एक दाणा आतून उचकी लागल्यासारखा उडत होता, बुळुक, आणि परत बसत होता. मी जन्मात केलेल्या सगळ्या नकलांत ती एक मला आजपर्यंत जमली नाही. फार बारीक आवाज आहे तो. काढायला गेलं की मोठा होतो.

मी गाव गोळा केला. अर्थातच कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजात. लोक आले, सरपंचभाऊही आले. फुईने ओंजळ भरली. आमच्याकडे झिऱ्याचं पहिलं पाणी प्यायचं नसतं. ते परत वाळूत टाकायचं असतं. ती "नदीनं नदीले" म्हणाली आणि ओंजळ सोडून दिली. दुसऱ्या ओंजळीपर्यंत तेवढंच पाणी परत आलेलं. सरपंचभाऊंनी वाकून बघितलं, तंबाखू थुंकायची राहिली.

"इतलंसंच?"

फुई म्हणाली, "दपेल मानूस पयले डोकंच काढस ना भाऊ! का एकदम नाचत येई?"

शब्द गावासमोर दिलेला होता, आणि त्यात दिवसाची अट नव्हती. त्यामुळे त्या वर्षी काठाला चार पायऱ्या झाल्या, दोन बाकडी झाली, आणि एक कारंजं, जे आजतागायत उडालं नाही कारण त्याला पाणी कुठून आणणार. नदीचा तळ तसाच राहिला, वाळूचा. फुईची डांगरं त्या वर्षी लहान निघाली. गोडीला ठीकच. पण ते मी तिला सांगितलेलं नाही.

जिंकलो म्हणाल तर तसं काही नाही. मोटरी परत सुरू झाल्या, आमचीसुद्धा. आप्पांनी केळीचा एक पट्टा कमी केला, तिथे हरभरा घेतात. आता दरवर्षी होळीनंतर आम्ही काही घरं काही दिवस ऑटो काढून ठेवतो. 'डोया मीचना', म्हणजे डोळे मिटणं, म्हणतात त्याला गावात. या वर्षी कोण मिचणार, कोण नाही, यावर दरवर्षी भांडण होतं. दरवर्षी कुणीतरी एक जण उघड्या डोळ्यांनी राज्य घेतो. एखाद्या वर्षी पाणी वर येतं, एखाद्या वर्षी नुसती ओल. ओल आली तरी फुई म्हणते, "शे, शे, आयकी ऱ्हायनी ती आपलं."

लोक मला म्हणतात, एका शब्दासाठी एवढं? हो, एका शब्दासाठी. आटली म्हटलं की माणूस निवांत होतो. गेली बिचारी, काय करणार, देवाची मर्जी. मग वाळू उचला, भिंत घाला, बाजार भरवा, मेलेलीला काय कळतंय. पण दपलीय म्हटलं की राज्य तुमच्यावर येतं. मग घरी जाऊन झोपता येत नाही. कुणीतरी लपून बसलंय, आणि तुम्ही खेळ मोडून जेवायला निघून गेलात, हा लपाछपीतला सगळ्यात हलकट प्रकार आहे. लहानपणी त्यासाठी मारामाऱ्या केल्यात आम्ही. आता मोठे झालो म्हणून सोडून द्यायचं?

मी नाही सोडत.

तर परवाच्या त्या रेघा. नवे सरपंच, नवं कारंजं, नवे साहेब. हे साहेब तरुण आहेत, गॉगलवाले. मी पुसलेल्या रेघेजवळच ते काल भेटले. पलीकडे फुई तिच्या डांगरांत वाकलेली. तिने मान वर केली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. आता तिचे गुडघे धरतात, खणायचं काम माझ्याकडे आलंय.

"मॅडम, इथली रेघ कुणी पुसली?"

"नदीने," मी म्हटलं.

ते हसले. "नदी? ही आटून किती वर्षं झाली?"

"आटनी नही साहेब, दपनी शे."

त्यांनी फोन काढला, टाईप करायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. द. मग फ.

मी त्यांचं बोट धरून थांबवलं.

"फ नाही साहेब," मी म्हटलं, माझ्या स्वतःच्या आवाजात, कुणाच्याही नकलेशिवाय. "प. पाण्यातला प."